उजव्या पायाची विद्या

मुलुंड पूर्वेला, द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे, मिठागरांच्या बाजूला एक ओसाड रस्ता होता. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तिथे मी पहिल्यांदा हळू उचललेली गाडी पाहिली. वेगात उचललेल्या गाड्या त्याआधी पुष्कळ पाहिल्या होत्या. आरएक्स शंभर घेऊन कुणीतरी भोंग्यासारखा आवाज करत यायचा, क्लच सोडून चाक वर घ्यायचा आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसेनासा व्हायचा. त्यात बघण्यासारखं असं काही उरायचं नाही. त्या दिवशीचा माणूस मात्र गेलाच नाही. पुढचं चाक छातीच्या वर घेऊन तो पायी चालल्यासारखा आमच्यासमोरून येत राहिला. मागून पाववाला सायकलवर आला, त्याच्याकडे बघत बघत त्याला मागे टाकून पुढे गेला, तरी हा अजून आमच्यासमोरच. हवेतलं पुढचं चाक फिरायचं थांबलं होतं. त्याच्या तारा मोजता आल्या असत्या.

हे पुस्तक त्या एका दृश्यातून निघालं आहे. विषय एवढाच, की स्पोर्ट मोटरसायकलचं पुढचं चाक उचलायचं आणि ते माणसाच्या चालीने, स्वतःच्या ताब्यात, हवं तितकं अंतर वर ठेवायचं. जगभर याला स्लो व्हीली म्हणतात, आपली मुलंही तेच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव ठेवलं आहे.

मी हे चुकीच्या बाजूने शिकायला लागलो. मला वाटायचं, सगळी कला उजव्या हातात आहे, रेस कशी आणि किती द्यायची यात आहे. पल्सर घेतल्यावर एका रविवारी पहाटे बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात मी गाडी पहिल्यांदा खरी उंच उचलली. ती वर आली, आणखी वर आली, आणि मग वर येतच राहिली. पाठीखाली जमीन कधी आली ते कळलं नाही. कॉलरबोन मोडलं. गाडी घाटकोपरला मिस्त्रीकाकांकडे गेली. त्यांनी वाकलेला हँडल पाहिला, फुटलेला टेललॅम्प पाहिला आणि मला एकच प्रश्न विचारला, ‘‘बाळा, पडलास तेव्हा पाय कुठे होता?’’

मला सांगता आलं नाही. उजवा पाय कुठे होता हे मला खरोखरच माहीत नव्हतं. काका म्हणाले, ‘‘मग तू गाडी उचलली नाहीस. ती आपली आपण उठली.’’

पुढची सगळी वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर शिकत होतो असं म्हटलं तरी चालेल. स्लो व्हीली ही मागच्या ब्रेकची विद्या आहे. चाक वर घ्यायला एक दुपार पुरते. ते खाली आणायला, आणि खाली आणता येतं या भरवशावर वर ठेवायला, महिने लागतात.

यामागचं शास्त्र अवघड नाही, पण ते पक्कं समजल्याशिवाय पाय विश्वास ठेवत नाही. पुढचं चाक उचललं की गाडी मागच्या आसाभोवती वळते. दीडशे-दोनशे सीसीच्या स्पोर्ट गाडीवर माणूस बसला की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ढोबळ हिशेबाने जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आणि मागच्या आसाच्या तेवढाच पुढे असतो. आस स्वतः जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. म्हणजे हा मध्य आसाच्या बरोबर डोक्यावर यायला गाडी साधारण ६० अंश उचलावी लागते. तोच बॅलन्स पॉइंट. माणूस मागे सरकला, उभा राहिला, टाकी भरलेली असली, की आकडा बदलतो, पण असा एक कोन प्रत्येक गाडीला असतोच. त्याच्या अलीकडे गाडीला पुढे पडायचं असतं, त्याच्या पलीकडे तिला मागे पडायचं असतं.

आता वेगातली व्हीली बघा. ती कायम त्या कोनाच्या अलीकडे असते. चाक खाली पडू पाहतं आणि स्वार रेस वाढवून त्याला वर ढकलत राहतो. ढकलायचं म्हणजे वेग वाढवायचा, म्हणून ती व्हीली दर सेकंदाला जास्त वेगवान होत जाते, आणि इंजिनाचा दम संपला की ती संपते. ती लांबवायची तर रस्ता लागतो, आणि उपनगरात मोकळा रस्ता म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी रस्ता. हळू व्हीलीत स्वार कोनापर्यंत जातो, त्याच्या किंचित पलीकडे जातो, आणि तिथेच राहतो. गाडीला मागे पडायचं आहे, ब्रेक तिला पडू देत नाही. रेस जवळजवळ स्थिर, आणि पायाची बोटं पेडलवर सतत काहीतरी बारीक बोलत असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. ज्या जागेची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याच जागी जाऊन बसायचं, आणि बसवणारा असतो ब्रेक.

ब्रेकने चाक खाली का येतं? संध्याकाळची बोरिवली लोकल अंधेरीत शिरताना मोटरमन ब्रेक लावतो तेव्हा पॅसेजमधली सगळी गर्दी कोणत्या बाजूला झुकते ते आठवा. पाय डब्याबरोबर थांबतात, वरचं अंग पुढे जातं. मोटरसायकलचंही तसंच. ब्रेक टायरला जमिनीपाशी मागे ओढतो, वरच्या सगळ्या वजनाला पुढे जायचं असतं, म्हणून नाक खाली येतं. जोरात दाबलात तर धाडकन येतं आणि फोर्कचे ऑइल सील फुटतात. हलकेच दाबलात तर दोन बोटं खाली येऊन थांबतं. त्या ‘हलकेच’चं मोजमाप कागदावर लिहिता येत नाही. ते बोटांत भरावं लागतं. म्हणून या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण मागच्या ब्रेकचं आहे, आणि त्यातला पहिला सराव दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून करायचा आहे.

मुंबईच्या स्वाराचा उजवा पाय तसाही ब्रेकवरच असतो. पावसाळ्यात एलबीएस मार्गावर कुर्ला ते मुलुंड रोज ये-जा करणाऱ्याला मागच्या ब्रेकचं महत्त्व कुणी सांगायला नको. खड्डा, त्यापुढचा खड्डा, मध्येच घुसलेली रिक्षा. पण तो पाय दचकून दाबायला शिकलेला असतो. इथे लागतो तो ऐकणारा पाय. मला स्वतःला ही सवय मोडायला नव्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला.

हळू चालवणं वेगाने चालवण्यापेक्षा कठीण, हे आपल्याकडे ज्यांना सर्वांत आधी नीट कळलं त्यांत मी विष्णुपंत छत्र्यांचं नाव घेईन. मोटरसायकलच्या पुस्तकात त्यांचं नाव वाचून कुणी दचकू नये. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी ते घोडे शिकवत असत. १८८० साली त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली, आणि भारतीय सर्कशीचा इतिहास तिथून सुरू होतो. घोडा मागच्या दोन पायांवर उभा करणं आणि त्याला तसंच चालवणं हा अश्वविद्येतला जुना प्रकार आहे, आणि त्यातही उभं करण्यापेक्षा उभं ठेवण्यातच शिक्षकाचा कस लागतो. टाच मारली की जनावर उठतं. लगाम हातात किती सैल आणि किती ताठ ठेवायचा ते कळलं नाही तर स्वारासकट मागे कोसळतं. छत्रे ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गाणंही शिकले होते. घोडा आणि ख्याल एकाच माणसात राहत होते, याचं मला आश्चर्य वाटत नाही. द्रुत लयीत बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात. विलंबितात झाकायला जागा नसते.

ही परंपरा आपल्या जत्रांतही होती. माहीमच्या मेळ्यात किंवा गावच्या जत्रेत ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना फळ्यांचा तो थरथरता आवाज आठवेल. भिंतीवरून गाडी फिरवणाऱ्या त्या माणसांनी मोटरसायकलवरचा ताबा हीच रोजीरोटी केली. त्यांना कुणी उडाणटप्पू म्हटलं नाही. त्यांचा रिंगणाबाहेरच्या कुणालाही धोका नव्हता, हे त्यामागचं साधं कारण.

बाहेरच्या जगात या विद्येचे थोर लोक झाले. अमेरिकेच्या डग डोमोकोसने १९८४ साली टॅलाडेगाच्या रेसट्रॅकवर १४५ मैल, म्हणजे २३३ किलोमीटर, एका चाकावर गाडी नेली. १९९१ मध्ये जपानच्या यासुयुकी कुदोने तो आकडा ३३१ किलोमीटरपर्यंत नेला. मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो जर्मनीचा ख्रिस फायफर. चार वेळा जगज्जेता ठरलेला हा माणूस बीएमडब्ल्यूची जड गाडी एका चाकावर अशी फिरवायचा की ती त्याच्याशी लाडात आल्यासारखी दिसायची. २०२२ मध्ये तो गेला. त्याच्या चित्रफिती पाहताना मुलं त्याच्या हातांकडे बघतात. हातांनी सोडून दिलेल्या गाडीतही त्याचा पाय काय करतोय ते बघा, असं मी त्यांना सांगतो.

आपल्या उपनगरात ही आवड कशी पसरली हे सांगायला फार मागे जायला नको. आरएक्स शंभर १९८५ साली आली आणि हलक्या वजनामुळे, टू-स्ट्रोकच्या झटक्यामुळे जरा जास्त रेस दिली तरी उठायची. २००१ च्या अखेरीस पल्सर आली, २००४ मध्ये ‘धूम’ सिनेमा आला. अंधेरीच्या लिंक रोडपासून घाटकोपरच्या नव्वद फुटी रस्त्यापर्यंत त्या दोन-तीन वर्षांत काय झालं ते ज्यांची मुलं तेव्हा कॉलेजात होती त्यांना विचारा. २००८ मध्ये यामाहाची आर वन-फाइव्ह आली, २०१२ मध्ये चाकणला बनलेली ड्यूक दोनशे. गाड्या चांगल्या होत गेल्या, ब्रेक फार चांगले झाले. शिकवणारं मात्र कुणी आलं नाही. पोरं एकमेकांच्या मोबाइलवरून शिकली, आणि मोबाइलवर पाय दिसत नाही.

पुढे वाकून बसायच्या स्पोर्ट गाडीवर हे शिकणं सरळ बसायच्या नेकेड गाडीपेक्षा अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तिचे हँडल खाली असतात, हाताला ओढायला कोन मिळत नाही, टाकी रुंद, आणि वजन पुढे ठेवलेलं असतं, कारण ती वळणावर झुकण्यासाठी बनवलेली आहे. म्हणून सराव करणारे तिचा हँडल बदलतात, मागचं स्प्रॉकेट मोठं बसवतात, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने चालली तरी इंजिन गुदमरत नाही. मागच्या टायरमधली हवा वीस पाउंडांच्या आसपास आणतात, म्हणजे टायर जमिनीवर पसरून बसतो आणि गाडी डावी-उजवीकडे कमी डुलते. हळू वेगात चाकाच्या फिरण्यातून मिळणारा स्थिरपणा जवळजवळ नसतो, तेव्हा तोल गुडघ्यांनी आणि हँडलने सांभाळावा लागतो. टायर पसरट असला तर तेवढाच आधार. मागे लोखंडी टेल बार लावतात, म्हणजे गाडी अगदीच उभी झाली तर बार टेकतो आणि पाठ वाचते. इंजिन ऑइलकडे कुणी लक्ष देत नाही, आणि तिथेच इंजिनं जातात. गाडी बराच वेळ उभी राहिली की ऑइल मागे सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडं फिरतं. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. ते रस्त्यावर प्राण वाचवतं, पण एक चाक हवेत थांबलेलं आणि दुसरं फिरतंय ही परिस्थिती त्याच्यासाठी बनलेली नाही. तुमच्या गाडीत मागच्या चाकाला एबीएस असेल तर सरावात ते कसं वागेल हे जाणत्या मेकॅनिककडून समजून घ्या, अंदाजावर राहू नका.

असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की कमी हवेचा टायर आणि बदललेली भूमिती घेऊन हायवेवर जाणं हा वेडेपणा आहे. गाडी छोटा हत्ती टेम्पोत चढवा, दोऱ्यांनी चार बाजूंनी बांधा, सरावाच्या जागी न्या आणि तशीच परत आणा. टेम्पोच्या भाड्याचे पैसे ज्याला जड वाटतात त्याने हॉस्पिटलचं बिल एकदा बघून यावं. मी पाहिलं आहे.

जागेबद्दल मला थोडं कठोर बोलायचं आहे. आरेच्या रस्त्यावर, जेव्हीएलआरवर, पूर्व द्रुतगती महामार्गावर, बीकेसीत पहाटे जे चालतं त्याचं या पुस्तकाशी नातं नाही. २०२३ मध्ये बीकेसीत एकाने दोन मुलींना गाडीवर घेऊन, हेल्मेटशिवाय व्हीली केल्याची चित्रफीत पसरली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवून त्याला पकडलं. ते योग्यच झालं. धोकादायक चालवण्यासाठी कलम १८४ आहे, सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतींसाठी १८९ आहे, २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेचं २८१ आहे. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. कायदा मी घाबरवायला सांगत नाही. रस्त्यावरून भाजी घेऊन जाणाऱ्या बाईने तुमच्या सरावाला होकार दिलेला नसतो, एवढंच माझं म्हणणं आहे. दंडाचा आकडा शून्य असता तरी माझं मत हेच राहिलं असतं.

पण मग मुलांनी जायचं कुठे? हा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि तो टाळून पुस्तक लिहिणं अप्रामाणिक ठरेल. अंधेरीपासून दहिसरपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लाखो दुचाकी आहेत. क्रिकेटला नेट आहेत, पोहायला तलाव आहेत. मोटरसायकलवरचा ताबा शिकायला, व्हीली राहू द्या, नुसता आकस्मिक ब्रेक कसा दाबायचा हे शिकायला, दीडशे मीटरचा कुंपण घातलेला काँक्रीटचा पट्टा माझ्या माहितीत नाही. लायसन्ससाठी आठचा आकडा काढला की शिक्षण संपलं. पुणेकरांना मोटोक्रॉसची सवय आहे, तिथे सुपरक्रॉसच्या स्पर्धा होतात. आम्हाला सरावासाठी खासगी मालकाचं आवार शोधावं लागतं, लेखी परवानगी काढावी लागते, आणि तिथे गोदाम उभं राहिलं की पुन्हा नवी जागा. माझ्या बरोबरीच्या मुलांपैकी चांगली चार-पाच याच कारणाने थांबली. ती नसती थांबली तर कदाचित हे पुस्तक माझ्याऐवजी त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं, आणि जास्त चांगलं लिहिलं असतं.

शिकवताना मी एक क्रम पाळतो, तोच पुस्तकात आहे. आधी बसलेल्या गाडीवर ब्रेक. मग चाक वीतभर उचलायचं आणि ब्रेकनेच खाली आणायचं, रेस सोडून नाही. हे शंभर वेळा. मग दोनशे वेळा. मुलं कंटाळतात, मी कंटाळू देतो. त्यानंतर गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. दर उंचीवर आधी खाली आणणं, मग थोडं थांबणं. गाडी सोडून मागे उतरणंही शिकवतो, कारण हळू व्हीलीची एक मोठी कृपा अशी की माणसाच्या चालीच्या वेगात गाडी हाताबाहेर गेली तर स्वार दोन पायांवर उतरू शकतो. वेगात ती संधी नसते. पूर्ण हेल्मेट, पाठीचं संरक्षण, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि जागेवर दुसरा माणूस, ज्याच्याकडे चालू फोन आहे आणि जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता ज्याला माहीत आहे. एकट्याने सराव करायचा नाही, कितीही येत असलं तरी.

या पुस्तकात एकही उडी नाही, मागचं चाक उचलायची स्टॉपी नाही, हात सोडणं नाही. ते पुढचं आहे, आणि ते माझ्यापेक्षा जाणत्यांनी शिकवावं. वाचणाऱ्यांत आई-वडीलही असतील अशी आशा आहे. तुमच्या मुलाला ही ओढ असेल तर ती बंदीने जात नाही, लपून बसते, आणि लपलेली ओढ पहाटे चार वाजता हायवेवर निघते. त्याच्याबरोबर एकदा सरावाच्या जागी या. त्याचा पाय कुठे आहे ते तुम्ही बघा.

मिस्त्रीकाका आता नाहीत. त्यांच्या गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. गाडी त्यांच्याकडे नेली की ते आधी ब्रेकच्या पेडलची उंची बघायचे आणि बूट घालून बस म्हणायचे. बोटं वर न उचलता, घोटा न वाकवता पेडल दाबता आलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. पहिलं प्रकरण उघडण्याआधी खाली जाऊन तुमच्या गाडीवर तेवढं करून या. पेडल उंच वाटलं तर पाना घेऊन आधी ते खाली घ्या.